पायी निघालेले मजूर नेमके कुणाचे होते?
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पगारपत्रक
8 मे 2020 ची पहाट. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातले मजूर रुळांच्या कडेने भुसावळकडे चालले होते. करमाडजवळ थकून रुळांवरच आडवे झाले आणि मालगाडीखाली 16 जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ही माणसं कुणाची होती?

मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. लॉकडाऊन लागल्यावर आमच्या ऑफिसात एकच वाक्य फिरत होतं, "ती आपली नाहीत, ठेकेदाराची आहेत." ठेकेदार फोन उचलत नव्हता. नंबर कुणाकडेच नाहीत म्हणे. पण ठेकेदाराचं बिल पास करायचं तर सोबत पीएफचं चलन आणि मजुरांचं वेतनपत्रक जोडावंच लागतं. नाव, पीएफ नंबर, हजेरीचे दिवस, सगळं त्यात असतं. दर महिन्याला ते कागद माझ्याच टेबलावरून जातात. म्हणजे यादी आमच्या कपाटात होती. ती कुणी उघडली नाही, मीही नाही. जूनमध्ये ऑर्डरी सुरू झाल्या तेव्हा त्याच यादीवरून दोन दिवसांत माणसं शोधली आणि आणायला गाडी पाठवली.

त्या वर्षीच्या सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, अहवालात धान्यवाटपाचे फोटो छापले होते. नफ्याच्या 2 टक्के खर्चाचा हिशेब पूर्ण. माझं म्हणणं एवढंच की संकटात कंपनीची पहिली जबाबदारी तिच्या गेटातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाची आहे. बाकीचं दान नंतर.

शेड नंबर 14
लिहिलंय मनापासून, पण एकतर्फी आहे. माझं वर्कशॉप आहे, 22 कामगार. 24 मार्चला रात्री आठला घोषणा आणि बारापासून सगळं बंद. चार तासांत मी काय करणार होतो? जे शेडमध्ये अडकले त्यांना दोन वेळचं जेवण दिलं, ते माझ्या खिशातून. 29 मार्चला केंद्राचा आदेश आला, पूर्ण पगार द्या. कशातून? बँकेचा हप्ता, जागेचं भाडं आणि आवक शून्य. तो आदेश 17 मे रोजी सरकारनेच मागे घेतला. देश बंद करायचा निर्णय सरकारचा, मग मजुराची सोयही सरकारनेच करायला हवी होती. कर आम्ही कशासाठी भरतो?

तळटीप
शेडवाल्या दादांशी सहमत. भावना बाजूला ठेवून कायदा बघा. तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने, म्हणजे जिथे काम चालतं त्या कंपनीने द्यायचा, हे होतंच. पण तो झालेल्या कामाचा पगार. काम बंद असताना कसली थकबाकी? 2 टक्क्यांचं बंधनही 500 कोटींचं नक्तमूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम), 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा असेल तरच लागू होतं. कंपनी भागधारकांच्या पैशावर चालते, ती धर्मशाळा नाही.

मुकादमाची लेक
कायदाच बघायचा तर पूर्ण बघा. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तेव्हा लागू होता. त्यात मजुराला येण्याचं आणि परत जाण्याचं भाडं देणं ठेकेदारावर बंधनकारक होतं, आणि त्याने नाही दिलं तर मूळ मालकावर. परतीचं भाडं! हे पाळलं असतं तर कितीजण पायी निघाले असते? माझे वडील ऊसतोडीचे मुकादम होते. उचल (आगाऊ पैसे) दिलेला माणूस फडावर आजारी पडला तर त्याला गावी पोचवणं त्यांचंच काम असायचं, कारखाना हात झटकून मोकळा. मधला माणूस नेहमी त्यासाठीच ठेवलेला असतो.

पगारपत्रक
ताई, हे शेवटचं वाक्य मी कधी इतकं स्पष्ट मांडू शकलो नसतो.

तळटीप, कंपनी व्यवहार मंत्रालयाचा 10 एप्रिल 2020 चा खुलासा वाचा. लॉकडाऊनमधला पगार सीएसआरमध्ये धरता येणार नाही असं त्यात आहे, आणि कारण दिलंय की ते मालकाचं नैतिक कर्तव्यच आहे. रोजंदारीच्या मजुरांनाही तेच लागू. धर्मशाळा व्हा असं कुणीच म्हणत नाही. 26/11 नंतर ताजच्या मालकांनी डिसेंबर 2008 मध्ये जो ट्रस्ट काढला, त्याची मदत हॉटेलबाहेरच्या पीडितांनाही मिळाली. भागधारक काही पळून गेले नाहीत.

शेड नंबर 14
टाटांचं उदाहरण मला देऊ नका. त्यांची ताकद वेगळी. माझे पैसे कुठे होते ते सांगतो. ज्या मोठ्या कंपनीला मी पार्ट पुरवतो तिच्याकडे तीन बिलं अडकली होती. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. मिळाले पाच महिन्यांनी. त्या काळात त्याच कंपनीने मदतनिधीला दिलेल्या देणगीची बातमी पेपरात आली. ते माझ्या पोरांचे पगार होते, साहेब.

पगारपत्रक
हे मी धरलंच नव्हतं. गेटापाशी थांबलो, साखळी वरपर्यंत जाते हे सुटलं. तुमची बिलं वेळेवर मिळाली असती तर तुम्ही पगार दिला असता?

शेड नंबर 14
एप्रिलचा पूर्ण, मेचा निम्मा. त्याहून जास्त नाही, खोटं कशाला बोलू.

तळटीप
बघा, शेवटी मुद्दा पैशाच्या कुवतीवरच आला.

मुकादमाची लेक
फोन करायला कुवत लागत नाही. यादी कपाटात होती.

पगारपत्रक
आमच्याकडे मी आता वेतनपत्रकात दोन रकाने वाढवून घेतलेत, गावाचा पत्ता आणि घरच्या माणसाचा नंबर. ठेकेदार कुरकुरला. ते रिकामे असतील तर बिल पुढे पाठवत नाही. शेडवाले दादा, तुमच्यासारख्यांची थकलेली बिलं किती दिवसांची आहेत तेही उद्या काढून बघतो.