प्रतिसाद: गॅलापागोसला छोटंच जहाज का?

वर कोणीतरी विचारलंय की गॅलापागोसला (पॅसिफिक महासागरातली इक्वाडोरची बेटं) मोठ्या क्रूझने स्वस्तात जाता येईल का, तर नाही, तिथे एका जहाजावर 100 च्या वर प्रवासी चालतच नाहीत, शिवाय बेटावर उतरलं की दर 16 जणांमागे तिथल्या नॅशनल पार्कचा अधिकृत गाईड लागतो, मग महाग पडणारच ना. पण खरी मजा रबरी बोटीतून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरण्यात आहे, समोर काळ्या खडकांवर इग्वानांचा, म्हणजे मोठ्या समुद्री सरड्यांचा, ढीग पडलेला असतो आणि मधूनच एखादा फुस्सकन नाकातून खारं पाणी उडवतो. प्राण्यांपासून 2 मीटर लांब राहायचा नियम आहे, पण तो सी लायनच्या (सीलसारखा समुद्री प्राणी) पिल्लांना कोण सांगणार, ती स्वतःच बूट हुंगायला येतात! बाकी महागड्या सुइटच्या नादी लागू नका, दिवसभर केबिनमध्ये असतं कोण.