मदत हवी आहे: रिमोटचं हेलिकॉप्टर आपल्याकडे तोंड करून आलं की काय करायचं?

मुलाच्या वाढदिवसाला ३.५ चॅनेलचं (वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वळणारं) हेलिकॉप्टर आणलं. एकावर एक दोन पंखे, आत ते स्थिर ठेवणारा जायरो, ३.७ व्होल्टची बॅटरी. दोघं मिळून शिकतोय. आधी जागीच गरगरायचं, ते ट्रिमने (रिमोटवरच्या बारीक जुळवणीच्या बटणाने) थांबवलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर पंख्यांचीच हवा खालून उसळते आणि ते डगमगतं, म्हणून आता सरळ कमरेइतकं वर नेतो. तिथे छान स्थिर राहतं! शेपूट आमच्याकडे असेपर्यंत सगळं जमतं. तोंड वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि ते भिंतीवर आदळतं. याचा सराव कसा करायचा? रिमोट इन्फ्रारेड आहे, उन्हात सिग्नल तुटतो, त्यामुळे हॉलमध्येच उडवावं लागतं. पोरगा हिरमुसायला लागलाय. जे शिकलेत त्यांनी कृपया सांगा.