फवारणीच्या विषबाधेतून भाऊ वाचला, पण आता पायातली ताकद चाललीये – मदत हवी आहे

सोलापूरची_ताई:

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात असते, माहेर सांगोल्याकडचं, दादाची डाळिंबाची बाग आहे. त्याच्यासाठीच लिहितेय. कुणाला यातलं माहीत असेल किंवा कुणाच्या घरात असं झालं असेल तर प्लीज सांगा, कारण इथं प्रत्येकजण वेगळंच सांगायलाय आणि वहिनी पार हबकून गेलीये.

झालं असं की खोडकिड्यासाठी दादा क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रीन एकत्र असलेलं औषध पाठीवरच्या पंपानं खोडांवर मारत होता. पंपाचं झाकण गळत होतं, पाठ-कंबर सगळी भिजलेली, पण ऊन एवढं की घाम कुठला आणि औषध कुठलं ते कळणार कसं, तसल्याच शर्टावर दुपारपर्यंत काम केलं. संध्याकाळी उलट्या, लाळ थांबंना, डोळ्याला अंधुक दिसायला लागलं आणि मांडीचं, दंडाचं मांस कातडीखाली आपोआप लवायलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. लोक म्हणाले ऊन लागलंय, लिंबूपाणी द्या. शेवटी १०८ बोलावून सोलापुरात आणलं, तोवर तो शर्ट अंगावरच होता, सिस्टरनी कात्रीनं कापून काढला.

अॅट्रोपिन आणि पाम नावाचं इंजेक्शन चालू केलं. घाम-लाळ थांबली, बोलायला लागला, आम्हाला वाटलं सुटलो. तर तिसऱ्या दिवशी सकाळी चहा द्यायला गेले तर त्याला उशीवरून मानच उचलता येईना. हाताची बोटं हलवायचा पण खांदा वर होईना, बोलणं नाकातून, पाणी गिळताना ठसका. दुपारपर्यंत श्वास कमी पडायला लागला आणि व्हेंटिलेटरवर घेतलं. त्यातनंही देवाच्या कृपेनं बाहेर आला.

आता घरी आहे, सगळ्याला तीन आठवडे होत आले, आणि हे नवीनच सुरू झालंय. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, तळव्यांना मुंग्या, आणि दोन्ही पावलं पुढून खाली पडतात. परवा अंगणात चालताना पायातली चप्पल मागं राहिली आणि त्याला पत्ताच नाही, पुढं गेल्यावर मीच म्हटलं दादा चप्पल. टाचांवर उभं राहायला जमतच नाही. डिस्चार्ज देताना अशक्तपणा आहे, हळूहळू जाईल एवढंच सांगितलं होतं आणि टॉनिक दिलं होतं. गावात म्हणायलेत वारं गेलंय, तेलाच्या मालिशला न्या.

वय चाळिशीच्या आत, शुगर नाही, दारू नाही. विष अजून अंगात राहिलंय का? परत ती इंजेक्शनं दिली तर फरक पडेल का? हाडाच्या डॉक्टरकडं न्यायचं की नसांच्या? आणि खरं विचारायचं ते हे की तो पहिल्यासारखा चालेल का ओ?

मोहोळचा_बागायतदार:

ताई वाचून वाईट वाटलं. २०१७ला यवतमाळकडं कापसावर मारताना लोक गेले तेव्हा चार दिवस सगळे बोलले, नंतर आमच्या भागात कुणी पंपाचा वायसरसुद्धा बदलला नाही. औषधाच्या बाटलीचा किंवा लेबलचा फोटो असेल तर तो आणि डिस्चार्ज कार्ड दोन्ही जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरला लागतंय. आणि एक करा, मालिशवाल्याकडं घाईनं नेऊ नका.

फिजिशियन_पंढरपूर:

ताई, मी एमडी मेडिसिन आहे, असे पेशंट आमच्याकडं दर हंगामात येतात. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की काय शोधायचं ते सांगता येईल.

नसेकडून स्नायूला हुकूम जातो तो अॅसिटिलकोलीन या रसायनातून. हुकूम पोचला की कोलीनएस्टरेज नावाचं एन्झाइम ते रसायन लगेच साफ करतं. क्लोरपायरीफॉस ज्या जातीतलं आहे ती ऑर्गनोफॉस्फेट औषधं त्या एन्झाइमलाच धरून बसतात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चालू केला आणि बंद करायचं बटणच मोडलं तर मोटर चालून चालून शेवटी बसणार, तसंच स्नायूचं होतं. आधी मांस लवतं, मग ताकद जाते. आणि अॅट्रोपिन लाळ, घाम, छातीतला कफ, मंद झालेली नाडी यांच्यावर चालतं, स्नायूंवर चालत नाही. म्हणून घाम-लाळ थांबली की पेशंट सुटला असं नातेवाईकांना वाटतं आणि तिथंच फसगत होते.

मान उचलेना झालं ते दुसरं. त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. साधारण २४ ते ९६ तासांत येतो, मान, खांदे, मांड्या, गिळायचे आणि श्वासाचे स्नायू धरतो. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियेद्दे यांनी १९८७ मध्ये त्याला हे नाव दिलं, पण उशिरा येणारा आणि अॅट्रोपिनला दाद न देणारा असा लकवा पुण्याच्या डॉ. वाडियांनी १९७४ मध्येच लिहून ठेवला होता, आपल्याकडं हे फारसं कुणी सांगत नाही. व्हेंटिलेटर वेळेवर मिळाला तर बहुतेक पेशंट एक ते तीन आठवड्यांत यातून बाहेर येतात. आमच्याकडं म्हणून रोज राउंडला पेशंटला सांगतो, उशीवरून डोकं उचला आणि धरून ठेवा. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि श्वास जायच्या आधी कळतं.

आता जे चाललंय ते तिसरं असू शकतं. विषबाधेनंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे, तळव्यांना मुंग्या आणि मग पाऊल पडणं, दोन्ही बाजूला, पायापासून सुरू. यात बिघाड त्या पहिल्या एन्झाइमचा नसतो, नसांमधल्या एका वेगळ्या एन्झाइमचा असतो आणि सगळ्यात लांब नसांची टोकं आधी मरतात, म्हणून पावलं. जास्त डोस गेलेल्या लोकांत क्लोरपायरीफॉसनं हे झाल्याची नोंद आहे. १९३० मध्ये अमेरिकेत आल्याच्या अर्कात याच जातीचं एक रसायन भेसळ केल्यामुळं हजारो लोकांचे पाय असेच गेले होते, तेव्हा हा प्रकार डॉक्टर लोकांना नवा नाही, फक्त डिस्चार्जच्या वेळी सांगायचा राहून जातो.

पण आयसीयूत बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्या माणसालाही नसा-स्नायूंचा अशक्तपणा येतो. दोन्हीतला फरक घरी बसून कळत नाही. न्यूरोलॉजिस्टला दाखवा, एनसीव्ही आणि ईएमजी (नसांची आणि स्नायूंची तपासणी) करून घ्या, सोबत बी१२, थायरॉइड, शुगर. हाडाचा डॉक्टर नको. वारं गेलेल्याला बहुतेक एकच बाजू जाते, इथं दोन्ही पावलं आहेत, त्यामुळं तो विचार डोक्यातून काढा.

सोलापूरची_ताई:

डॉक्टर खूप खूप आभार, पहिल्यांदा कुणीतरी सगळं जोडून सांगितलं. मग ते पाम इंजेक्शन परत द्यायचं का? आणि चालेल का तो?

फिजिशियन_पंढरपूर:

नाही, आता पामचा उपयोग नाही. औषध एन्झाइमला धरून बसल्यावर काही वेळानं ती पकड पक्की होते, त्याच्या आतच पाम ती सोडवू शकतं. आणि नसांचा हा बिघाड त्यानं थांबत नाही.

चालण्याचं विचारलंत तर खोटा धीर देणार नाही. सौम्य असेल तर महिन्यांत बरंच सुधारतं, जास्त असेल तर वर्ष-दोन वर्षं लागतात आणि थोडी कसर राहू शकते. काहींना मुंग्या कमी झाल्यावर पाय ताठ व्हायला लागतात, तसं दिसलं तर लगेच दाखवा. यावर उतारा नाही, फिजिओथेरपी हाच उपचार, आणि ती उशिरा सुरू करू नका.

अजून एक लिहून ठेवा. पुढं काही महिन्यांत कुठलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरला ही विषबाधा आठवणीनं सांगा. भुलेत सक्सिनिलकोलीन वापरतात, ते या पेशंटमध्ये लवकर उतरत नाही.

फिजिओ_सात_रस्ता:

ताई, पाऊल पडतंय तर आधी फूट ड्रॉपचा स्प्लिंट मापानं करून घ्या, बाजारचा तयार घेतला तर टाचेला घासतो आणि त्यांना कळणार पण नाही. घोट्याचा सांधा रोज दोन्ही वेळा हातानं पूर्ण वर-खाली करून द्या, नाहीतर टाचेची शीर आखडते आणि मग नस सुधारूनही पाय टेकत नाही. चप्पलऐवजी मागं पट्टा असलेली सँडल. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, तळव्याला कळत नसताना लोक भाजून घेतात. रात्री झोपताना तळवे बघायचे, जखम आहे का. मालिश करायची तर हलकी करा, पण व्यायाम सोडून मालिश नको.

सोलापूरची_ताई:

सगळ्यांचे आभार. सोमवारची न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतलीये, लेबलचा फोटो पण मिळाला. वहिनीनं तो पंप अजून शेडमध्ये ठेवलाय, उद्या पहिल्यांदा तोच बाजूला काढायला सांगते. शेवटचं एक विचारते, माझा चुलतभाऊ पण त्याच दिवशी दुसऱ्या पंपानं मारत होता, त्याला काहीच त्रास नाही, पण तो पुढच्या आठवड्यात परत फवारणीला उतरायचं म्हणतोय. आणि दादा कधी उतरू शकेल?

फिजिशियन_पंढरपूर:

चुलतभावाची रक्तातल्या कोलीनएस्टरेजची तपासणी करून घ्या, प्लाझ्मा आणि तांबड्या पेशी दोन्हीची. त्रास नसला तरी पातळी खाली असू शकते, आणि तसल्यात थोडं औषध लागलं तरी भारी पडतं. कमी आली तर फवारणी बंद. प्लाझ्माची काही आठवड्यांत भरून येते, तांबड्या पेशींची भरायला तीन-चार महिने जातात कारण नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. दादांना मात्र नसा सुधारेपर्यंत या जातीच्या औषधाजवळ जाऊ देऊ नका, मिसळायलासुद्धा नाही. कार्बामेट औषधं पण त्याच एन्झाइमवर बसतात, तीही नकोत. आणि घरात कुणावर परत औषध सांडलं तर आधी कपडे काढा, केस-नखांसकट साबणानं धुवा, चामड्याचा पट्टा-बूट फेकून द्या, उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन निघा. एम्सचा विषबाधेचा फोन २४ तास चालू असतो, १८०० ११६ ११७. सोमवारी रिपोर्ट आला की इथंच टाका, नाव-नंबर झाकून, मी बघतो.