मदत हवीये: आजीकडून 'म्या' रेकॉर्ड कसं करू? (एमए लिंग्विस्टिक्स)

नमस्कार मंडळी, मी पुण्यात लिंग्विस्टिक्समध्ये एमए करतेय, दुसरं वर्ष. डिझर्टेशनला पुरंदरची बोली घेतलीये कारण माझं आजोळ सासवडजवळ आहे.

विषय छोटा आहे. प्रमाण मराठीत आपण 'त्याने भाकरी खाल्ली' म्हणतो पण 'मी भाकरी खाल्ली', म्हणजे भूतकाळात क्रियापद सकर्मक असलं की तृतीय पुरुषाला 'ने' लागतो आणि मी-तू मात्र कोरडेच राहतात. आजी 'म्या भाकर खाल्ली' म्हणते. तिच्याकडे त्या जागी 'मी'चं वेगळं रूप अजून जिवंत आहे, आणि एर्गेटिव्हच्या (म्हणजे सकर्मक क्रियेच्या कर्त्याला लागणाऱ्या अशा खास रूपाच्या) लेक्चरला बसले होते तेव्हा मला पहिल्यांदा आजीचाच आवाज आठवला.

अडचण अशी की चुलीपाशी बसून ती सहज 'म्या कालच दळण आणलं' म्हणते आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं की लगेच 'मी दळण आणलं'. विचारलं तर म्हणाली, "लिवून घेतीस ना, मग नीट नको व्हय बोलाया?" मला खरंच वाईट वाटलं, कारण तिचं बोलणं नीटच आहे, हे तिला कसं पटवू?

भाषाशास्त्रज्ञ वॉलेस चेफ यांनी लोकांकडून गोष्ट वदवून घ्यायला १९७५मध्ये करून घेतलेली ती पेअर (नाशपाती) तोडणाऱ्या माणसाची बिनसंवादाची फिल्म पण दाखवून बघितली. ती म्हणाली, "पेरूच की ह्ये!" आणि गोष्ट मस्त रंगवून सांगितली, पण सगळं 'त्या पोरानं टोपली उचलली' असंच, स्वतःबद्दल बोलायची वेळच येत नाही त्यात, त्यामुळे मला हवं ते रूप एकदाही आलं नाही. भाषाशास्त्रज्ञ घाटगेंच्या मराठी बोलीसर्वेक्षणातलं कुडाळीचं (कुडाळकडच्या बोलीचं) पुस्तक चाळलं, पण मला अडलंय ते समोर बसलेल्या माणसाला बोलतं करण्यात.

लपून रेकॉर्डिंग करायचं नाहीये, गाईडनीही आधीच बजावलंय आणि मलाही ते पटतं. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना बोलवून, परवानगी घेऊन, मोबाईल मध्ये ठेवून आपण उठून जावं असं डोक्यात आहे, पण मग तीन आवाज एकावर एक चढले तर एलानमध्ये (रेकॉर्डिंग ऐकत लिहून काढायचं सॉफ्टवेअर) ट्रान्स्क्राइब करताना वेगळे काढता येतात का? आणि लग्न, बाळंतपण, दुष्काळ यातलं काय विचारलं की माणूस 'मी हे केलं, मी ते केलं' असं बोलत सुटतो?

ज्यांनी फील्डवर्क केलंय त्यांनी प्लीज सांगा, शनिवारी सकाळी हडपसरहून एसटीने परत जातेय.