शापित वस्तूंचा दुकानदार, कुणी काही घेतच नाही. रविवारच्या आत मदत हवी

सातपुड्याचा_गारुडी
नमस्कार मंडळी, वेळ नाही म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. माझा एक दुकानदार आहे, झुंबरशेठ. काळवेशीच्या आत बोळात दुकान, सगळा माल शापित. त्यातली एक कुऱ्हाड रविवारी काहीही करून विकली गेली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं बोंबललं म्हणून समजा. लोक येतात, बघतात, फुकट चहा पितात आणि निघून जातात. भाव पाडून झाला, एकावर एक फ्री करून झालं. उपाय सांगा, ‘धीर धरा’ वगैरे नको.

केळीवाला_रावेर
दुकान मेन रोडला आहे की आत ते नीट लिहा. काळवेस म्हणजे कुठं? भाड्याचं की मालकीचं? बोळात गिऱ्हाईक येतच नाही भो, माझ्या साडूनं फैजपूरला आत गाळा घेतला तर बोहनीची वाट बघता बघता दुपार व्हायची. आणि जुन्या वस्तू शापित म्हणून विकायची आयडिया पुण्यात चालेल, इकडं लोक उंबऱ्यावरूनच परत फिरतील.

नियमाने_चला
धागाकर्त्याने हा प्रकार त्वरित थांबवावा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ‘शापित’ म्हणून भीती घालून पैसे उकळता आणि वर इथं मार्केटिंगचा सल्ला मागता?

सातपुड्याचा_गारुडी
अहो खेळ आहे!! डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांवर गोष्ट खेळायची. मी डीएम आहे, म्हणजे खेळ चालवणारा, झुंबरशेठ माझं कॅरॅक्टर आहे, गिऱ्हाईक म्हणजे माझे प्लेअर. कुऱ्हाड म्हणजे खेळाच्या पुस्तकातली बर्सर्कर अॅक्स आहे. आता तरी कुणी कामाचं बोला.

केळीवाला_रावेर
म्हणजे दुकान नाहीच?

वीसचा_फासा
एडिशन कोणती, लेवल किती, पार्टीत कोण कोण आहे? हे न सांगता आम्ही काय सांगणार.

सातपुड्याचा_गारुडी
फिफ्थ, २०१४ वाली. लेवल चार. विझर्ड (जादूगार), क्लेरिक (पुजारी), बार्बेरियन (रानटी लढवय्या), रोग (चोर). विझर्ड दुकानात शिरला की आधी वस्तू ओळखायचा मंत्र, आयडेंटिफाय टाकतो, क्लेरिक खरं बोलायला लावणारा झोन ऑफ ट्रुथ टाकून विचारतो "शेठ, यात खोट आहे का". बार्बेरियनला कुऱ्हाड आवडलीय हो, डोळे चमकतात त्याचे, पण बाकीचे तिघं त्याला बाहेर ओढून नेतात.

वीसचा_फासा
आयडेंटिफायचं टेन्शनच नाही. डीएमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की बहुतेक वेळा आयडेंटिफायनं शाप कळत नाही, वस्तूचे गुण तेवढे कळतात. विझर्डला सांगा की मारताना प्लस वन आहे, लेवलमागे एक हिट पॉइंट (जीव) वाढतो, अट्यून करावं लागतं, म्हणजे वस्तूशी नातं जोडावं लागतं. यात खोटं काहीच नाही. आणि चौथ्या लेवलला क्लेरिककडं शाप काढायचा स्पेल (मंत्र), रिमूव्ह कर्स नसतं, ते पाचव्याला येतं, म्हणजे हीच लेवल योग्य आहे. उशीर केला तर शाप एका स्पेलचा पाहुणा.

जुना_डीएम_धुळे
इतकी झिगझिग कशाला. दुकान बंद करा. कुऱ्हाड एखाद्या मेलेल्या सरदाराच्या हातात द्या, प्लेअर फुकट मिळालेलं कधी सोडत नाहीत. मी वर्षानुवर्षं हेच करतो.

वीसचा_फासा
आणि मग झुंबरशेठचं काय करायचं? धागावाल्यानं कॅरॅक्टर बनवलंय. शिवाय लुटीतून शाप लागला की प्लेअर म्हणतात डीएमनं फसवलं. विकत घेतल्यावर शाप लागला तर शेठला शिव्या पडतात, डीएमला नाही. हा फरक मोठा आहे.

जुना_डीएम_धुळे
शिव्या शेवटी डीएमलाच पडतात, अनुभव घ्या मग बोला.

पाथफाइंडर_प्रेमी
डीअँडडी सोडा, पाथफाइंडर या दुसऱ्या खेळावर या. सगळे प्रश्न सुटतील.

सातपुड्याचा_गारुडी
रविवारी सेशन आहे दादा, सिस्टम बदलू की कुऱ्हाड विकू? झोन ऑफ ट्रुथचं कुणी बोलेना.

नगरदुकानी
दुकानात काय काय मांडलंय ते सांगाल का?

सातपुड्याचा_गारुडी
कवट्या, लाल दिवा, बाटलीत काहीतरी हलतंय, काउंटरवर एका डोळ्याची मांजर. आवाज मी घोगरा काढतो आणि मधूनमधून हसतो.

नगरदुकानी
😂😂 आणि लोक घेत नाहीत याचं आश्चर्य वाटतं? आमची सराफी आहे, तीन पिढ्या. गिऱ्हाईक दागिन्याकडं नंतर बघतं, आधी काट्याकडं बघतं. तुमच्या शेठला उजेडाचं दुकान द्या, पांढरी गादी, लखलखीत काटा, भिंतीला लक्ष्मीचा फोटो (तुमच्या दुनियेत जी कुणी देवी असेल ती). आणि त्यानं विकायची घाई करूच नये. मोड घ्यावी. प्लेअरची जुनी हत्यारं चांगल्या भावानं घ्यायची, वजन त्यांच्यासमोर करायचं, दोन नाणी जास्तच द्यायची. दुसऱ्या खेपेला तेच विचारतील की मोडीच्या बदल्यात काय देता. मोडीत आलेला दागिना आधी कुणाच्या गळ्यात होता हे आमच्याकडं कुणी विचारत नाही, विचारलं तरी आम्ही सांगत नाही.

बामणोदचं_वांगं
आवाजावरून आठवलं, शेठला अहिराणी बोलायला लावा ना. "हाई तुनाकरताच ठेयेल शे भो, पैसा मंग दे." कुणी नाही म्हणणार नाही.

लेवा_पाटीदार_यावल
बामणोदचं नाव लावून अहिराणी? आमच्याकडं लेवा बोलतात. अहिराणी धुळे, साक्री, बागलाणकडची.

बामणोदचं_वांगं
आजोळ साक्रीचं आहे, वांगं बामणोदचं. दोन्ही चालतं.

जुना_डीएम_धुळे
वांग्यांचा विषय निघालाच आहे तर यंदा भरिताची वांगी आली का बाजारात?

सातपुड्याचा_गारुडी
नवीन धागा काढा हो भरिताचा 🙏

घोडेबाजार
मी खेळत नाही पण दुकानदारी सांगू शकतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांची यात्रा भरते, लहानपणापासून वडिलांबरोबर जातो. चांगला व्यापारी खोटं बोलत नाही. तो खोड स्वतःहून सांगतो, पण लहान खोड. "पाण्यात उतरायला नखरे करतो बघा, तुम्हाला चालत नसेल तर राहू द्या." गिऱ्हाइकाला वाटतं माणूस सरळ आहे, आणि त्या नादात मागच्या पायाकडं बघायचंच राहतं. घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचंही तसंच. कुठल्या जागचा भोवरा वाईट ते तोच मोजून दाखवतो, मग गळ्याखाली बोट ठेवून म्हणतो, पण देवमण आहे, बाकीचं सगळं माफ. तुमचा तो खरं बोलायला लावणारा मंत्र आहे ना, त्यात माणसाला गप्प बसता येतं का?

वीसचा_फासा
येतं! ज्याच्यावर टाकलाय त्याला स्पेल लागलाय हे कळतं, मुद्दाम खोटं बोलता येत नाही, पण टाळाटाळ करता येते. फक्त सेव्ह झाला (फासा टाकून स्पेलमधून सुटला) की फेल ते क्लेरिकला कळतं, तेव्हा शेठनं फेलच होऊ द्यावं. म्हणजे क्लेरिक निर्धास्त.

घोडेबाजार
मग झालं की. क्लेरिक म्हणेल खोट आहे का, शेठ म्हणेल, "आहे ना. ही कुऱ्हाड एकदा घेतली की माणूस दुसरं हत्यार हातात धरत नाही. आधीचा मालक झोपतानाही उशाशी घ्यायचा, बायको वैतागली होती. म्हणून तर माझ्याकडं आली."

वीसचा_फासा
अरे हे तर नियमातलंच आहे, शापामुळं कुऱ्हाड सोडवत नाही! अख्खं खरं बोलला आणि मार लागल्यावर पिसाळून समोर दिसेल त्याला, मित्र असला तरी, तोडतो हे तेवढं राहिलं. भारी.

जुना_डीएम_धुळे
आणि रोगनं विचारलं की मालक मेला कसा, तर?

घोडेबाजार
"घरचं भांडण होतं, मी त्यात पडत नाही."

सातपुड्याचा_गारुडी
हेच पाहिजे होतं राव. कवट्या काढतो. मांजर ठेवतो, मांजर माझी आवडती आहे. पण बाकीचे तिघं बार्बेरियनला ओढून नेतात त्याचं काय?

घोडेबाजार
सौदा रुमालाखाली करा. आमच्याकडं दलाल हातावर उपरणं टाकून बोटं दाबून भाव ठरवतो, शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही. टेबलावर खरंच रुमाल टाका, बार्बेरियनवाल्याचा हात धरा आणि बोटांवर भाव करा. तिघं काय ठरलं काय ठरलं करत बसतील, ओढून न्यायचं कुणाला सुचणार नाही.

नगरदुकानी
पावती मात्र द्या. खाली बारीक अक्षरात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

नियमाने_चला
खेळ असला तरी लहान मुलांसमोर खेळू नये.

कोरा_कागद
मी भुसावळचा. हे कुठं खेळता? फासे नाहीत माझ्याकडं, चालेल का? नियमही येत नाहीत.

सातपुड्याचा_गारुडी
चालेल, फासे देतो, व्यनि (खासगी निरोप) करा. गिऱ्हाईक म्हणून दुकानात आधीच बसवतो तुम्हाला, शेठची तारीफ करायची फक्त.