मदत हवी आहे: हणजूण पार्ट्यांच्या जुन्या डॅट टेप कुठे वाजवून मिळतील?

मंडळी, ९७-९८ च्या सीझनमधल्या गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांच्या चार डॅट टेप (डिजिटल ऑडिओ टेप) आहेत माझ्याकडे, साध्या कॅसेट नाहीत हं, त्याहून लहान, ४ एमएम रिबिनवाल्या. तेव्हा गोवा ट्रान्सवाले (तिथलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) बरेच डीजे डॅटवरच वाजवायचे, गोवा गिल तर शेवटपर्यंत, कारण त्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड नेणं म्हणजे वाकडी करून आणणं. बीट जुळवायची भानगड नाही, एक गाणं संपत आलं की दुसरं सुरू, पण पहाटे उजाडताना जे वाजायचं ना त्याला तोड नाही राव.

आता अडचण. डॅटला व्हीसीआरसारखं फिरतं हेड लागतं त्यामुळे साध्या डेकवर चालत नाही आणि सोनीने मशीन बनवणं २००५ मध्येच थांबवलं. पुण्यात व्हिडिओ कॅसेट डिजिटल करणाऱ्यांकडे विचारलं, ते मिनी डीव्ही (कॅमेऱ्याची छोटी व्हिडिओ टेप) समजले. सेकंडहँड डेक ऑनलाइन दिसतात पण हेडची खात्री कोणी देत नाही, टेप चावली तर संपलंच, दुसरी कॉपी नाही. कुरियरने पाठवणार नाही, मुंबई किंवा गोव्यात स्वतः घेऊन येईन, पैसे देईन. टेपवर बुरशी दिसत नाही, लेबलवरची शाई मात्र उडालीय.

तर चालू डॅट डेक आणि डिजिटल आउट असलेला स्टुडिओ किंवा माणूस कुणाला माहितीय का? आणि इतकी वर्षं पडून असलेली टेप वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यावी की थेट लावावी?