मदत हवी आहे: नंदनवनातला मलबा आणि घरातलं जुनं सामान भांडेवाडीच्या कचरा डेपोत कसं पाठवायचं?

नमस्कार. नागपूरच्या नंदनवनात आमचं जुनं घर आहे. मागची भिंत आणि न्हाणी पाडली, फरशी उखडली. आता अंगणात दोनेक ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मलबा पडून आहे. शिवाय बाबांच्या खोलीतलं सामान निघालंय: कापसाच्या गाद्या, रंगाचे अर्धवट डबे, ट्यूबलाइट, शेडचे सिमेंटचे पत्रे.

ट्रॅक्टरवाला म्हणतो, "सगळं एकत्र भरा, मी पाहून घेतो." कुठे टाकणार ते मात्र सांगत नाही. नाग नदी आमच्या भागातूनच वाहते. 23 सप्टेंबर 2023 ला शहरात पाणी शिरलं, लोकांचे संसार चिखलात गेले. आमच्या घरच्या विटा कोणत्या नाल्यात पडायला नकोत. पैसे जास्त लागले तरी चालतील. स्वतः गाडी करून भांडेवाडीला नेता येतं का? आधी महापालिकेच्या झोन ऑफिसात जावं लागतं का? छोटा हत्ती टेम्पो पुरेल का?

उत्तर:
ताई, मी साइटवर सुपरवायझर आहे. आधी ढीग वेगळे करा, हेच मुख्य काम. बांधकामाचा मलबा घरच्या कचऱ्यात मिसळायचा नाही, असा नियम आहे. स्वच्छ मलबा दळून त्याची वाळू, पेव्हर ब्लॉक होतात. त्यात गादी आणि प्लास्टिक गेलं की तो नुसता कचरा. भांडेवाडीत उन्हाळ्यात आगी लागतात, त्यात आपल्या गाद्यांची भर कशाला? पिंजाऱ्याला विचारा, कापूस चांगला असेल तर नेईल.

साबूत विटा बाजूला काढा, कुणीतरी नक्की मागतं. माती-रोडा शेजारी कुणाचं जोतं भरायचं असेल तर तिथे जाईल. उरलेल्यासाठी गाडी ठरवण्याआधी नेहरूनगर झोनच्या ऑफिसात जा. मलबा कुठे उतरवायचा आणि किती पैसे, हे तिथूनच पक्कं करा, पावती मागा.

छोट्या हत्तीत पाऊण टन बसतो. एक ब्रास मलबा चार टनांच्या आसपास भरतो, म्हणून टिप्परच करा.

पत्रे मात्र फोडू नका! जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुफ्फुसात बसते. पाणी मारून अख्खेच उतरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवा. मजुरांना मास्क द्या. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. त्या आणि रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात येतात, त्यांचंही झोनमध्येच विचारा.

धागाकर्ती:
खूप आभार, दादा. पत्र्यांचं माहीतच नव्हतं, मजूर उद्या घणाने फोडणार होते. आत्ताच फोन करून थांबवते. ट्रॅक्टरवाल्यालाही नाही सांगते. साबूत विटा कुणाला हव्या असतील तर इथेच लिहा, नंदनवनातून न्यायच्या आहेत.